माझं नाव मी रायपूरला आणलं

मी घर सोडलं त्या दिवशी बाबा स्टेशनवर परक्या शहराबद्दल, तिथल्या पाण्याबद्दल, माणसांबद्दल काहीच बोलले नाहीत. ते सगळं आईचं घरीच सांगून झालं होतं, आणि पिशवीत जवसाच्या चटणीचा डबा कोंबताना पुन्हा एकदा सांगून झालं होतं. बाबा रेल्वेत गँगमन. गोंदियाच्या अलीकडचं आपलं ते दोनच गाड्या थांबणारं स्टेशन म्हणजे त्यांचं अंगण. पॅसेंजर आली, त्यांनी माझी पेटी आत ढकलली, खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "नाव इथंच राहू दे. मतदानाले येत जाय."

नर्सिंगचा कोर्स करून रायपूरच्या एका खाजगी दवाखान्यात कामाला निघालेल्या बावीस वर्षांच्या पोरीला बापाने निरोपाला एवढंच सांगावं, याचं मला हसू आलं. डोंगरगड गेल्यावर रडूही आलं. समोरच्या बाईने विचारलं, काय झालं, तर मी सांगितलं, चटणीचा ठसका लागला.

हे मी लिहिते आहे ते वस्तीतल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारखी पेटी उचलून नागपूरला, सुरतला, भिलाईला गेलेल्यांसाठी. मागच्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने, रमेशने, वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की बाहेर गेलेल्या सगळ्यांनी आपलं नाव परत गावच्या यादीत आणावं, तिकडचं तिकडं राहू द्यावं, दोन ठिकाणी असलं तरी कोण पाहतं. खाली अंगठ्यांची ही रांग लागली. माझा अंगठा तुम्ही शोधला असेल. तो नाही, आणि तो विसरून राहिलेला नाही.

ज्यांचा जन्म अलीकडचा आहे त्यांना आपल्याकडची वाचणी कदाचित ठाऊक नसेल. मतदानाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या वंदनेनंतर, विहाराच्या ओसरीवर सगळी वस्ती बसायची. बाबा त्यांची शंभर पानी वही काढायचे. सरकारी यादीतली आपल्या वस्तीची सगळी नावं त्यांनी त्यात उतरवलेली असत, भाग क्रमांक आणि अनुक्रमांकासकट. बाबांना वाचता येत होतं पण अडखळत, म्हणून मी सातवीत गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. मी नाव वाचायची, ज्याचं नाव तो "हाय" म्हणायचा. बाहेरगावी असेल त्याच्या घरचं कोणी सांगायचं, सकाळच्या गाडीनं येऊन राहिला. वारलेल्या माणसाचं नाव यादीत अजून असेल तर मी तेही वाचायची आणि कोणीच काही बोलायचं नाही. मग बाबा त्यावर पेन्सिलने रेघ मारायचे. मी लाजून हळू वाचत असे. बाबा मागून म्हणायचे, "मोठ्यानं वाच. मागच्याले ऐकू आलं पायजे."

हे सगळं कशासाठी, तर आजोबांसाठी. एका निवडणुकीत आजोबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने सांगितलं, तुमचं मत पडलं, घरी जा. आजोबा घरी आले. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही, आणि न विचारल्याचं त्यांना मरेपर्यंत खुपत राहिलं. बाबा तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेले. त्यांनी त्या वर्षापासून नावं उतरवायला घेतली, आणि मतदानाच्या दिवशी पांढरा शर्ट घालून आपल्या बूथवर पहिलं उभं राहायचं हे त्यांचं ठरून गेलं. ते आजही बदललेलं नाही.

माझी स्वतःची पहिली वेळ एक वर्ष लांबली होती. तेव्हा अठरा वर्षं पूर्ण झाली की नाही हे फक्त एक जानेवारीला बघत, आणि मी जन्मले फेब्रुवारीत. बाबा आईवर चिडले होते, जणू तिने मुद्दाम उशीर केला. आता वर्षातून चार तारखा आहेत, असा घोळ होत नाही. मी हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तवा काहून नाही सुचलं त्यायले?"

तर मी रायपूरला आले. बूढ़ापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत, एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली. एक खिडकी, एक ओटा, आणि नळ खाली अंगणात. सुरुवातीला बाजारात माझी बोली ऐकून लोक विचारायचे, "दीदी, नागपुर से हो?" मी मानेने हो म्हणायची, कारण आपल्या गावाचं नाव सांगून कोणाला कळणार होतं. हळूहळू मी गोल बाज़ारातून भांडी घेतली, एक गोधडी, एक कपाट. माझ्या बोलण्यात 'हो'च्या जागी "हव" आलं, भाडेकरूच्या जागी "किराएदार" आलं. दुपारी ड्यूटीवरून परतले की गल्लीतल्या बायका दारात उभ्या असायच्या, कोणाचं बीपी बघ, कोणाला सुई टोच. घरमालकाच्या म्हाताऱ्या आईला साखरेचा आजार, तिला रोज सकाळी इन्सुलिन मीच देत होते.

आणि दर निवडणुकीला मी गावी यायची. दवाखान्यात सुट्टी नसायची. केरळच्या एका सिस्टरशी ड्यूटी बदलून, तिचे दोन रविवार अंगावर घेऊन, पहाटेची पॅसेंजर पकडून यायची. बाबा स्टेशनवर पांढऱ्या शर्टात उभे, बोटाला शाई लागलेली, म्हणजे आपलं मत देऊन मला घ्यायला आलेले. मला ते आवडायचं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तुम्हांला वाटतं की मला ते ओझं झालं आणि मी टाकून दिलं.

मग ती लोकसभेची निवडणूक आली. आदल्या संध्याकाळी बाबांनी ओसरीवर माझं नाव वाचलं, आईने सांगितलं, सकाळी येते. सकाळी मी आले, उन्हात रांगेत उभी राहिले, चिठ्ठी पुढे केली. टेबलापलीकडच्या मास्तरांनी पान उलटलं, बोट खाली नेलं आणि थांबले. माझ्या नावावर आडवा शिक्का होता. वगळलेलं.

बाबा दारातून आत आले. "हे माझी पोरगी हाय. काल वाचलं मी नाव."

मास्तर सभ्य होते. त्यांनी यादी बाबांपुढे धरली आणि समजावून सांगितलं. चौकशीला माणूस आला होता, वस्तीत विचारलं, ही इथे राहते का, कोणीतरी सांगितलं, नाही, ती रायपूरला राहते. त्यावरून नाव काढलं. नवी यादी केव्हाच लागली होती. पण बाबा गेली दोन वर्षं आपल्या जुन्या वहीतूनच वाचत होते. वहीवर त्यांचा इतका भरवसा की सरकारी यादीत काय कमी झालं ते त्यांनी त्या वेळी पडताळलंच नाही. दुसऱ्यांनी फसवू नये म्हणून धरलेल्या वहीनेच त्यांना तोंडघशी पाडलं.

स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो. बाबांच्या बोटाला शाई, माझं बोट कोरं. ते एवढंच म्हणाले, "माह्यी चूक झाली." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे ऐकलं, आणि मला ते नको होतं.

चौकशीत कोणी काय सांगितलं यावरून वस्तीत तेव्हा भांडणं झाली, मला माहीत आहे. मला त्या माणसाचा राग आला नाही. तो खरंच बोलला होता. मी रायपूरला राहत होते. राग आला तो दुसऱ्या दिवशी, इथे आल्यावर. वॉर्डात पेशंट, आया, डॉक्टर, सगळे एकमेकांना शाई दाखवत होते, आणि मी कोऱ्या बोटाने सलाइन चालू-बंद करत होते. मी घरमालकांना म्हटलं, मला इथल्या यादीत नाव घालायचं आहे, पत्त्याला तुमच्या घराचा नंबर द्यावा लागेल. ते कोणी वाईट गृहस्थ नव्हते. पण पत्ता म्हटल्यावर एकदम ताठ झाले.

"वोट डालना है तो अपने महाराष्ट्र में डालो. मेरे मकान के नंबर पर किराएदार का नाम नहीं चढ़ेगा."

त्यांना भीती, की नाव चढलं की ही बाई घर बळकावेल. माझ्या आधीच्या भाडेकरूंनाही त्यांनी असंच परतवलं होतं, आणि ते सगळे गप्प बसले होते. आजोबाही गप्प बसले होते. मी जिन्यात उभी राहून विचार केला, तिथे राहत नाही म्हणून तिथून काढलं, इथे घर माझं नाही म्हणून इथे घेत नाहीत. मग मी आठ वर्षं राहते आहे कुठे? हवेत?

रमेशचा तेव्हाही तोडगा तयार होता. "ताई, इकडचं नाव परत चढवून देतो, सरपंचाले सांगतो. कोण पाह्यते?" मी नाही म्हटलं. तो आजही समजतो की मी भ्याले. रमेश, मी भ्याले नाही. आपल्या आजोबांच्या जागी जो कोणी मत देऊन गेला, त्यालाही कोणीतरी हेच सांगितलं असणार, कोण पाहतं.

आमच्या भागाची बीएलओ, म्हणजे यादीचं काम बघणारी, अंगणवाडीतली पुनीता दीदी होती. सावळी, ठेंगणी, खांद्याला कायम कापडी झोळी. मी तिला शोधत अंगणवाडीत गेले आणि माझं रडगाणं सुरू केलं, की मालक कागद देत नाही, भाड्याची पावती नाही. तिने हातातला खिचडीचा डाव खाली ठेवला.

"दीदी, मकान किसका है, ये फॉर्म में पूछा कहाँ है? पूछा है, आप रहती कहाँ हो. तालाब किनारे जो सोते हैं ना, उनका नाम भी चढ़ाई हूँ मैं. छप्पर नहीं है उनका. वोट है."

मी तिथेच पोरांच्या मधे खाली बसले. देशाचा नागरिक, अठरा पूर्ण, आणि नेहमी जिथे राहतो ती जागा. बास. घर, शेत, जात, मराठी की छत्तीसगढ़ी, कोणाचा कोण, यातलं काही नाही. एवढं साधं होतं आणि मला, वही मोठ्याने वाचणाऱ्या मुलीला, ते माहीत नव्हतं. मी फॉर्म भरला. त्यात जुना पत्ता होता तिथे आपल्या गावाचं नाव लिहिलं, तेव्हा मात्र पेन जड झालं.

दोन दिवसांनी पुनीता दीदी चौकशीला गल्लीत आली. मालक दारात. ते म्हणाले, ही बाई आज आहे, उद्या नसेल, बाहेरची आहे. दीदीने वाद घातला नाही. तिने गल्लीत आवाज दिला, "ये सिस्टर यहाँ रहती हैं क्या?" कोपऱ्यावरचा शिंपी दुकानातून उठून आला. समोरची बाई ओल्या हातांनी बाहेर आली. आणि मालकाच्या मागून, आतल्या खाटेवरून, त्यांच्या आईचा आवाज आला.

"इहें रहिथे. मोला रोज सूजी इही लगाथे. कहाँ ले बाहिर के होही?"

ही इथेच राहते, मला रोज सुई हीच देते, बाहेरची कशी, असं खुद्द आईच विचारत होती म्हटल्यावर मालक गोरेमोरे झाले. दीदीने झोळीतून पेन काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं. तीन महिन्यांनी मालकाने खोली खाली करायला सांगितली. केली. त्यानंतर मी त्याच गल्लीत तीन खोल्या बदलल्या, आणि दर वेळी सामान लावून होण्याआधी पत्ता बदलण्याचा फॉर्म भरला. म्हातारीला सुई द्यायला मात्र ती असेपर्यंत जात राहिले, त्यात तिचा काय दोष.

नाव इथे चढल्याचं मी बाबांना फोनवर सांगितलं.  ते म्हणाले, "बरं." आणि फोन आईकडे दिला.

पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीत आपल्या वस्तीचा उमेदवार दोन मतांनी पडला. त्यातलं एक मत माझं, असं रमेश म्हणाला, आणि मी दिवाळीनंतर गावी आले तेव्हा ओसरीवर माझ्यासाठी कोणी सरकून जागा केली नाही. मला ते लागलं. अजून लागतं. त्या दोन मतांसाठी मला वाईट वाटतं, हे मी कबूल करते, पण माफी मागणार नाही. वस्तीत सांडपाण्याची नाली कुठून जाईल ते तिथे राहणाऱ्यांनी ठरवावं. माझ्या गल्लीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी तुंबतं, तेव्हा त्यातून चालत ड्यूटीला मी जाते. त्या पाण्याबद्दल विचारायचा अधिकार मला हवा होता, आणि तो मी मागून नाही, रांगेत उभं राहून घेतला.

आईने मला पुढे एक गोष्ट सांगितली, ती तुम्ही ओसरीवर बसून ऐकलेलीच आहे. बाबा त्यानंतर नवी यादी ओळ न ओळ तपासून घेऊ लागले, पण वाचणीत माझं नाव घेतच राहिले. रमेश म्हणाला, बाबा, ते यादीतून कटली. बाबा म्हणाले, "मी मोजून नाही राहिलो. वाचून राहिलो." माझ्या नावानंतर ते थोडं थांबायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. पेन्सिलची रेघ त्यांनी मारली नाही.

इकडे मीही एक करते. मतदानाच्या आधीच्या रविवारी शिंप्याच्या दुकानाच्या फळीवर बसून आमच्या गल्लीतल्या भाडेकरूंची नावं वाचते, सरकारी यादीतूनच, ताज्या. ओडिशाचा स्वयंपाकी, आंध्रच्या दोन नर्सा, अभनपुरहून येऊन इथेच राहिलेली भाजीवाली आणि तिची अठरा पूर्ण झालेली लेक. कोणी "हाजिर" म्हणतं, कोणी "हव". नाव नसेल तर पुनीता दीदीकडे फॉर्म. पहिल्या वर्षी चार माणसं होती आणि एक कुत्रं. आता फळीवर जागा पुरत नाही.

यंदा याद्यांची कसून तपासणी निघाली, तुमच्याकडेही ती होईलच. घरोघर फॉर्म आले. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या यादीत तुम्ही कुठे होता ते लिहा. पुनीता दीदीचे केस आता पांढरे झालेत. तिने माझ्यापुढे फॉर्म ठेवला आणि चष्मा वर केला. "दीदी, उस समय तो आपका नाम यहाँ की लिस्ट में नहीं था. वहाँ का नंबर लगेगा." जुने मालक समोरून जात होते. थांबले आणि म्हणाले, मैं तो पहले ही कहता था. चोवीस वर्षं झाली मला या शहरात, आणि पुन्हा तोच प्रश्न, तू कुठली.  इतकं भांडून आणलेलं नाव एका रिकाम्या रकान्यापायी जायची पाळी आली होती.

मोबाइलवर जुन्या याद्या शोधल्या. अक्षरं पुसट, आपला बूथ तेव्हा दुसऱ्याच शाळेत. सापडेना. शेवटी गावी फोन लावला. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाने कमी, म्हणून ओरडून सांगावं लागलं. "बाबा, जुन्या यादीतला माझा नंबर पायजे. वही हाय का?"

"हाय ना. कुठं जाते?"

ट्रंक उघडल्याचा आवाज आला. पानं उलटल्याचा आला. मी फळीवर पेन घेऊन बसले होते, पुनीता दीदी शेजारी, भाजीवाली आणि तिची लेक समोर. पलीकडून बाबांनी घसा खाकरला आणि अडखळत, एकेक अक्षर लावत, माझं नाव वाचलं, त्यांच्या नावासकट, आडनावासकट. आणि थांबले.

नंबर सांगतील म्हणून मी वाट बघत होते. ते सांगेनात. मग मला कळलं ते कशासाठी थांबले आहेत.

"हाय," मी म्हटलं.

"हं. आता लिवून घे." त्यांनी भाग क्रमांक सांगितला, अनुक्रमांक सांगितला, दोन्ही दोनदा सांगितले. मी लिहिलं. दीदीने सही घेतली आणि फॉर्म झोळीत टाकला.

हे माझं उत्तर आहे, रमेश. माझं नाव गावच्या वहीत आहे, ते तिथे कोणाला खोडता येणार नाही आणि त्याने कोणाचं मत वाढणारही नाही. सरकारच्या यादीत ते रायपुरात आहे, एकाच जागी, मी झोपते उठते तिथे. मला कोणी घर कुठे असं विचारलं तर मी दोन्ही सांगते, आणि दोन्ही सांगताना आता मान खाली घालत नाही.

फोन ठेवण्याआधी बाबांनी विचारलं, "तिकडं यादी कोण वाचते?"

"मीच वाचते, बाबा."

 मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा ओरडून सांगितलं.

"मोठ्यानं वाच," बाबा म्हणाले. "मागच्याले ऐकू आलं पायजे."